अबू हसनच्या भट्टीतली करंजी

सुट्टीला कोल्हापूरला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बहरीनला काय चांगलं मिळतं गं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाब अल बहरीनची सोन्याची दुकानं असतात, हे मला दिसत असतं. मी शांतपणे सांगते, "मटणाची करंजी." मग समोरचा माणूस हलत नाही. एक किस्सा सांगावा तर दुसरा रुसतो, दुसरा सांगावा तर पहिल्याचा राहिलेला भाग आठवतो. परवा मावशीकडे फक्त चहाला म्हणून गेले होते, जेवूनच परतले.

आमचं टोळकं तसं लहान. मी वैशाली, एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघते. माहेर कोल्हापूर, त्यामुळे मटणाबद्दल माझं मत कुणी विचारलं नाही तरी मी देते. माझा नवरा मिलिंद, पुण्याचा, बँकेत आहे. लग्नाआधी त्याच्या घरात अंडंसुद्धा शिरलं नव्हतं. दुसरं घर नागपूरच्या बनसोडेभाऊंचं. ते एसी टेक्निशियन, त्यांची बायको रत्ना, आणि अकरावीतली लेक मृणाल. मृणालला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

रत्नाची आई नागपुरात मेस चालवायची, वर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. रत्ना त्याच ओट्याजवळ वाढली. बहरीनला आली ती नवऱ्याच्या फॅमिली व्हिसावर, आणि आल्यापासून तिला एकच गोष्ट हवी होती. स्वतःची नोकरी. तीही स्वयंपाकघरातली, कारण तिथे आपल्याला कुणी हरवू शकत नाही हे तिला ठाऊक होतं.

हूरा हा आमचा भाग; तिथे आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून दोन दुकानं होती. एक राजापूरच्या दाऊदभाईचं मटणाचं. दुसरी अबू हसनची बेकरी. अबू हसन पक्का बहरीनी म्हातारा, गिऱ्हाइकांकडून शिकलेली हिंदी झोकात बोलायचा. बोर्डावर लिहिलेलं 'मीट पाय'. दाऊदभाईकडून खिमा घ्यायचा आणि शेजारी द्यायचा. अबू हसन त्यात कांदा-मिरपूड घालून, मैद्याच्या पारीत भरून, भट्टीत भाजून देणार. शिवाय गल्लीची एक जुनी रीत होती. सारण घरचं हवं असेल तर डब्यातून आणा, पीठ आणि भट्टी त्याची. बहरीनी बायका वाडगे घेऊन यायच्या. मग आम्ही का मागे राहू?

*

रत्नाने पहिल्यांदा डबा नेला तो शुक्रवार हूरा विसरणार नाही. खिमा सावजी पद्धतीचा, वर बोटभर तर्री. अबू हसनने झाकण उघडून वास घेतला. पाऱ्या भरल्या, कडा काट्याने दाबल्या, ट्रे आत सरकवला.

थोड्या वेळाने कडा सुटल्या आणि तर्री तापलेल्या भट्टीत सांडली. जो धूर झाला म्हणता! दाऊदभाई सुरी हातात घेऊन बाहेर आला. पलीकडच्या सलूनमधून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बाहेर आलं, त्याच्यामागे न्हावी. अख्खी गल्ली शिंकत होती आणि रत्ना रिकामा डबा छातीशी धरून उभी होती.

सगळ्यांत शेवटी डोळे पुसत अबू हसन आला. त्याच्या हातात एक फुटलेली, अर्धी खाल्लेली पाय होती. त्याने रत्नाकडे पाहिलं.

"मदाम, ये खाना है या सज़ा?"

रत्ना माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने उरलेला तुकडा तोंडात टाकला.

"एक और दो."

*

पुढच्या शुक्रवारी रत्ना डब्याबरोबर स्वतःही भट्टीपर्यंत गेली. अबू हसन आपल्या पिठाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. पण मागच्या वेळचा धूर त्याच्याही लक्षात होता, म्हणून त्याने पाऱ्या तिच्यापुढे सरकवल्या. रत्नाने काटा बाजूला ठेवला, अंगठ्याने कड दुमडत दुमडत करंजीला घालतात तशी बारीक मुरड घातली. ट्रे आत गेला, बाहेर आला. तर्रीचा एक थेंब सांडला नव्हता.

मग अबू हसनची शिकवणी सुरू झाली. त्याची बोटं जाड, मुरड काही पडेना. रत्ना कमरेवर हात ठेवून उभी. त्याची कड बिघडली की नवीन सुनेला सांगावं तसं म्हणायची, "फिरसे." आणि तो फिरसे करायचा. रमजान येईपर्यंत त्याचा हात इतका बसला, की दुकानातली प्रत्येक मीट पाय नागपुरी मुरड घालून बाहेर पडायला लागली.

आम्ही तिला करंजीच म्हणायला लागलो. यावर मिलिंदने एकदाच तक्रार केली. "बाकी सगळं खा, पण करंजीला तरी सोडा." हे म्हणताना त्याच्या तोंडात तिसरी होती.

गंमत पुढेच आहे. अबू हसन येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मुरड दाखवून सांगायला लागला, की हे आमचं बहरीनी डिझाइन, माझ्या आजीचं. एकदा शहराबाहेरच्या जनाबियाहून एक इंग्रज साहेब आला. तो म्हणाला, छे, हे तर आमच्या गावचं, माझी आजी अशीच कड दुमडायची. दोघांची आज्यांवरून जुंपली. मला राग आवरेना, मी रत्नाला म्हटलं, अगं बोल काहीतरी.

रत्ना शांतपणे डबा पुसत होती. "आज्या साऱ्यांच्याच हुशार असतात न, ताई. पण या ट्रेवर अंगठा माझा आहे."

मी ते इंग्रजीत भाषांतर करून साहेबाला ऐकवलं. अबू हसनला ऐकू आलं नाही. निदान त्याने तसं दाखवलं.

*

बनसोडेभाऊ कुठेही शिरले की "जयभीम" म्हणूनच शिरतात. अबू हसनने त्यावरून ठरवून टाकलं की मराठी माणसाला भेटलं की हेच म्हणायचं असतं. मला म्हणायचा, मी उत्तर द्यायचे, विषय संपला.

एका शुक्रवारी मिलिंद एकटा गेला. "जयभीम, मिलिंद भाई!" मिलिंद म्हणाला, "नमस्ते." पुढच्या शुक्रवारी तेच. घरी येऊन म्हणाला, मी नमस्ते म्हणतो आणि तो परत जयभीमच म्हणतो. मी म्हटलं, अरे, माणूस प्रेमाने हाक मारतोय, उत्तर दे की. बनसोडेभाऊ हे सगळं लांबून बघत होते. 

मग एकदा आम्ही सगळे रांगेत असताना मिलिंदने दार उघडलं आणि अबू हसनच्या आधी स्वतःच म्हणाला, "जयभीम, अबू हसन." चांगलं मोठ्याने. बनसोडेभाऊंनी मान वळवली नाही, पण म्हणाले, "आज करंज्या माझ्याकडून."

त्याच संध्याकाळी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मिलिंद सोफ्यावर पसरलेला होता. फोन उचलला आणि सवयीने बोलून गेला, "जयभीम, आई."

मी स्वयंपाकघरात जागच्या जागी थांबले. 

"जयभीम," सासूबाई म्हणाल्या. "जेवलास का?"

*

एका वर्षी जयंतीचा कार्यक्रम रमजानमध्ये आला. हॉल घेतलेला, कार्यक्रम इफ्तारनंतर, आणि खाण्याची जबाबदारी अर्थातच रत्नाची. दुपारपासून ती भट्टीवर. अबू हसनचा रोजा, त्यामुळे त्याला चव बघता येत नव्हती. हा दिवसभर पाणीसुद्धा प्यायलेला नाही, त्याच्यासमोर आपण कसं चाखायचं, म्हणून रत्नानेही जिभेवर काही ठेवलं नाही. त्याला वाटलं हिने मीठ घातलं, हिला वाटलं त्याने घातलं. विचारायचंही दोघांनी टाळलं, कारण एकमेकांना उपाशीपोटी खाण्याबद्दल काय विचारायचं!

अशा रीतीने ट्रेच्या ट्रे अळणी करंज्या हॉलवर पोचल्या. भाषणं झाली, अभिवादन झालं, लोक खायला बसले. सगळे खात राहिले. आपल्याकडे कार्यक्रमाच्या जेवणाला नाव ठेवत नाहीत. रत्नाने एक घास खाल्ला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अबू हसनने खाल्ला आणि त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

दाऊदभाई मात्र चवीने दुसरी खात होता. म्हणाला, "रडू नको, वयनी. आज मिठानं पण रोजा धरलाय."

*

मृणालचा किस्सा छोटा आहे. रत्ना तिला डब्यात दोन करंज्या द्यायची. मग मुलगी तीन मागायला लागली, मग चार. रत्ना खूश, पोर खातेय. एक दिवस पालकसभेत शिक्षिकेने मृणालच्या भूगोलाच्या वहीचं फार कौतुक केलं. नकाशे काय सुबक, रंग काय सुंदर! रत्नाला संशय आला, कारण या मुलीला सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही.

घरी चौकशी बसली. वर्गातला एक मुलगा एका करंजीच्या बदल्यात एक नकाशा काढून देत होता. हल्ली तो अर्ध्या करंजीतही काढतो, असं कळलं. रत्नाने विचारलं, लाज नाही वाटत?

"आई, इट्स इकॉनॉमिक्स," मृणाल म्हणाली. "डिमांड इज क्रेझी."

रत्नाने तिला फैलावर घेतलं, पुन्हा असं केलं तर डबा बंद म्हणून बजावलं. नंतर माझ्या घरी येऊन दार लावून घेतलं आणि पोट धरून हसली. "ताई, अर्ध्या करंजीत भारताचा नकाशा. मायच्या मेसलापण एवढा भाव नव्हता."

*

पण भाव एकीकडे आणि नोकरी एकीकडे. रत्ना हॉटेलांच्या किचनमध्ये विचारून आली, एका कॅन्टीनमध्ये विचारून आली, एका शाळेत गेली. सगळीकडे तोच प्रश्न. "गल्फ एक्सपिरियन्स?" नाही म्हटलं की "इंशाल्ला, कळवू." इथे राहणाऱ्याला हे इंशाल्ला नकाराचं आहे ते बरोबर कळतं.

शेवटच्या ठिकाणी मी तिच्याबरोबर होते. मुलाखत घेणारा आपल्याच देशातला, टाय लावलेला. तोच प्रश्न. रत्ना उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "साब, आप सब लोग ये पूछते हो, इसका बहुत एक्सपिरियन्स हो गया मेरे को."

बाहेर आल्यावर मात्र लिफ्टमध्ये ती आरशाकडे पाठ करून उभी राहिली. मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढंच वाईटही वाटलं.

*

मग गल्लीतली ती बिल्डिंगच पाडायला निघाली. दाऊदभाईने दोन गल्ल्या सोडून दुकान घेतलं. अबू हसनची बेकरी गेली जनाबियाला, आणि ती चालवायला घेतली त्याच्या मुलीने, मरियमने. ती हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, कामाला वाघीण.

पहिल्याच शुक्रवारी आम्ही बनसोडेभाऊंच्या गाडीतून निघालो. रत्नाच्या मांडीवर नॅपकिनमध्ये गुंडाळलेला डबा. जनाबियाचे ते व्हिला, ती शांतता, आणि मधोमध काचेचं चकचकीत दुकान. दारावर अरबी आणि इंग्रजीत बोर्ड : बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई.

मरियम फार सभ्यपणे बोलली. आंटी, दुसरीकडे शिजवलेलं अन्न माझ्या किचनमध्ये आलं तर इन्स्पेक्टर दुकानाला टाळं लावेल. मिलिंद म्हणाला, नियम बरोबर आहे. मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढे तो बिस्किटांच्या कपाटाचा अभ्यास करत राहिला. पण नियम बरोबरच होता, हेच तर दुखणं.

अबू हसन काउंटरमागे उभा होता. नवीन ॲप्रन त्याला जरा मोठा झाला होता. "डब्बा मफी, रत्ना," तो हळू आवाजात म्हणाला. "अब डब्बा मफी." मफी म्हणजे नाही, हा इथे सगळ्यांत आधी शिकायचा शब्द.

मरियमने आम्हाला त्यांच्या नव्या पाय चाखायला दिल्या. मशीनने कड दाबलेल्या, सगळ्या एकसारख्या. आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून खाल्ल्या. बनसोडेभाऊंनी बराच वेळ चावून झाल्यावर अभिप्राय दिला. "गरम आहे."

रत्नाने डबा माझ्या हातात दिला. "वैशालीताई, डबा आत नाही जाऊ शकत न?"

"नाही गं."

"मग मीच जाते."

मला वाटलं काही विसरली असेल. मी तिच्यामागे धावले. ती थेट मरियमसमोर उभी राहिली आणि आपल्या नागपुरी हिंदीत सांगितलं, की बाहेर शिजवलेलं चालत नाही तर मी इथे आत शिजवते, मला कामावर घ्या. मरियमने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि कुणालाही विचारला असता तसाच, अगदी साधेपणाने, प्रश्न विचारला.

"आंटी, गल्फ एक्सपिरियन्स?"

 रत्नाने मान खाली घातली. आता ती टायवाल्याला दिलेलं उत्तर देईल असं वाटलं.

उत्तर दिलं अबू हसनने. त्याने मशीनची एक कच्ची पाय उचलली, दाबलेली कड उघडली, आणि जाड अंगठ्याने, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत मुरड घातली. मग ती मुलीपुढे धरली. मरियम हसून म्हणाली, बाबा, ही तुझ्या आजीची पद्धत मला माहीत आहे, पण हाताने किती करणार?

"मेरी दादी को तो रोटी भी नहीं आती थी," अबू हसन म्हणाला. त्याने रत्नाकडे बोट केलं. "ये इसका है. भट्टी मेरी थी, हाथ इसका."

मग बापलेकीचं अरबीत बरंच काही झालं. मला कळलेला शब्द एकच, शेवटचा, मरियमने रत्नाकडे वळून म्हटलेला. "खलास." इथलं खलास म्हणजे ठरलं.

आम्ही बाहेर आलो. बनसोडेभाऊ गाडीला टेकून उभे होते. काय झालं म्हणाले. रत्ना म्हणाली, "नोकरी लागली." भाऊ गाडीत बसले, सीटबेल्ट लावला आणि किल्ली फिरवायचं विसरून गेले. बऱ्याच वेळाने त्यांना मुख्य मुद्दा सुचला.

"मग माझा डबा?"

"तुमचा डबा तुम्ही," रत्ना म्हणाली.

*

व्हिसा बदलणं, मेडिकल, परवाने, सगळं होईस्तोवर उन्हाळा सरला. आता दाऊदभाईचा खिमा रोज सकाळी गाडीने जनाबियाला जातो. रत्ना तिथे आत शिजवते, आणि दोन फिलिपिनो मुली तिच्या हाताखाली मुरड शिकतात. चुकल्या की त्यांना "फिरसे" ऐकावं लागतं.

तिच्या नोकरीतल्या पहिल्या शुक्रवारी मी, मिलिंद आणि मृणाल मुद्दाम गेलो. दुकानात गर्दी. व्हिलांच्या कंपाउंडमधले गोरे साहेब, बहरीनी घरं, दोन-तीन मल्याळी नर्सेस. आणि काउंटरमागे रत्ना. पांढरा कोट, पांढरी टोपी, छातीवर नावाची पट्टी. मी फोटो काढत सुटले. समोरच्या अनोळखी बाईलाही मी सांगून टाकलं, की ही आमची.

एवढ्यात काचेचं दार उघडलं आणि बनसोडेभाऊ आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात तोच स्टीलचा डबा, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला. मृणालने माझ्या कानात सांगितलं, की बाबांनी सकाळपासून किचनमध्ये कुणाला येऊ दिलं नाही. मुगाची खिचडी केली होती. आयुष्यात पहिल्यांदा. आईला तिथे दिवसभर मटणाचा वास, जेवण जाणार नाही, म्हणून.

भाऊ "जयभीम" म्हणून दोन पावलं पुढे आले. रत्नाने हात वर केला. चेहऱ्यावर नवऱ्याची ओळखसुद्धा दाखवली नाही. दारावरच्या बोर्डाकडे बोट केलं.

"साहेब, बाहेरचं खाणं आत आणायला मनाई आहे."

अख्खी रांग वळून बघायला लागली. "ओ माय गॉड," मृणाल पुटपुटली आणि मिलिंदच्या पाठीमागे लपली. अबू हसन भट्टीजवळून पुढे येऊन उभा राहिला. भाऊंनी मागे वळून बोर्ड नीट वाचला. आधी इंग्रजी वाचलं, मग येत असल्यासारखं अरबीही. मग डबा दोन्ही हातांत धरला.

"मग तूच बाहेर ये न," ते म्हणाले.

रत्नाने टोपी काढली आणि मरियमच्या हातात दिली.